चवीचा रकाना

लाकडाची एक फळी, तिला सहा भोकं, भोकांत सहा पेले. पेले म्हणजे केवढे, तर खोकल्याच्या औषधाच्या मापापेक्षा जरा मोठे. त्या तरुणानं फळी माझ्यासमोर ठेवली आणि शेजारी उभा राहून सांगायला लागला, "काका, डावीकडनं सुरुवात करा. ही गव्हाची, फुडची संत्र्याची, ही काळी हाय ना, ती कॉफीसारखी लागंल..." मी हात वर केला. म्हटलं, "थांब बाबा, आधी वास घेऊ दे."

बोललो आणि मीच चपापलो. कारण हे वाक्य माझं नव्हतं. गेल्या तीस वर्षांत मी कुठल्याही पेल्याचा वास घेतलेला नाही. मी आपला पिणारा माणूस. वास घेणारा दुसराच होता.

सकाळी इंदापूरला लग्न होतं, कारखान्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलीचं. बायको गेल्यापासून मी लग्नांना जात नाही. पंगतीत कुणी ना कुणी "एकटेच आलात?" असं विचारतंच. तरी गेलो, कारण तो वास घेणारा, मिलिंद, येईल असं वाटलं होतं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, नवरीची आई दोनदा येऊन "जेवलात ना?" विचारून गेली. मी मांडवाच्या दाराकडे तोंड करून बसून राहिलो. तो आला नाही.

पुण्याकडे परतताना डाळजला गाडी थांबवायला लावली. ड्रायव्हरला म्हटलं, तू चहा घे, मी आलोच. या जागी पूर्वी तात्यांचं परमिट रूम होतं. पत्र्याचं छप्पर, पुढे पडवी, पडवीत चार टेबलं. मला वाटलं होतं, आता तिथं टायरचं दुकान तरी असेल नाहीतर काहीच नसेल. तर तिथं काचेची इमारत, आणि काचेमागे माणसाच्या दुप्पट उंचीच्या स्टीलच्या टाक्या. तात्या केव्हाच गेले. त्यांचा हा नातू बिअर करायला शिकून आलाय, इथंच करतो आणि इथंच पाजतो. गल्ल्याच्या वर तात्यांचा हार घातलेला फोटो आहे.

आत पाऊल टाकलं आणि शिजणाऱ्या सातूचा वास नाकात शिरला. गोड, ओला, किंचित भाजका. बाळंतिणीच्या घरात नाचणीच्या सत्त्वाची खीर शिजते तसा. माझे पाय जागच्या जागी थांबले. म्हातारा माणूस दारातच उभा राहिला की लोक धावत खुर्ची आणतात. मलाही आणली.

आमचा साखर कारखाना बारामती आणि इंदापूरच्या मधे कुठेतरी. नाव नाही सांगत, नाव सांगून काय मोठा फरक पडणार आहे? त्या पट्ट्यातले सगळे कारखाने वासानं सारखेच. नव्वद सालानंतरची पाच-सहा वर्षं मी तिथं प्रयोगशाळेत काढली. हंगामात भोंगा झाला की आसपासच्या वाड्यावस्त्यांवर लोक घड्याळं लावायचे. दोरीवरच्या पांढऱ्या सदऱ्यांवर काजळी बसायची आणि मळीचा वास तर उशीच्या अभ्र्यातसुद्धा मुरलेला. मी बारामतीला घरी गेलो की आई दारातच म्हणायची, "आलं बग गुळाचं ढेकूळ." मला त्या वासाची लाज वाटायची. आता कुणी बाटलीत भरून दिला तर उशाशी ठेवीन.

उन्हाळा तापला की उसाची शेवटची मोळी पडून हंगाम संपायचा. ऊसतोडीच्या बैलगाड्या गावाला निघायच्या, त्यांच्या घुंगरांचा आवाज रस्त्यानं लांब लांब जात बारीक व्हायचा. मग कॉलनीत अशी शांतता व्हायची की शेजारच्या नळाचं ठिबकणं ऐकू यावं. लग्न झालेली माणसं बायकापोरांत रमायची. आम्ही दोघंच सडे, मी आणि मिलिंद. एका भिंतीच्या अलीकडे माझी खोली, पलीकडे त्याची.

मिलिंद शेळगावचा. बारीक चणीचा, जाड भिंगांचा चष्मा, शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं. कारखान्यात तो माझ्या हाताखाली होता आणि डोक्यानं माझ्या कितीतरी वर. त्याच्याकडे कॉलेजातलं एक जाडजूड फाटकं पुस्तक होतं, पदार्थ कसे आंबवतात त्याच्या शास्त्राचं. त्यात बिअरवर एक प्रकरण. ते त्याला तोंडपाठ होतं. भिंतीवर टकटक करून मला बोलवायचा आणि वाचून दाखवायचा. काळी बिअर, तांबडी बिअर, गव्हाची, आंबट, धुराच्या वासाची. म्हणायचा, "गड्या, जगात इतक्या तऱ्हा हायेत, आनि आपल्याकडं दोनच. माइल्ड आनि स्ट्राँग. जनू भाज्या दोनच, वांगं आनि मोठं वांगं."

आणि हा माणूस बिअरचा थेंबही तोंडात घ्यायचा नाही. त्याच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती. त्या दिवसापासून त्यांच्या घरात दारू शिरली नव्हती. आजोबांनी पाळलं, वडिलांनी पाळलं, आणि नोकरीला निघताना मिलिंदनं आईला शब्द दिला. मी चिडवायचो, "मग लेका, तुला ह्या बिअरचं करायचंय काय?" तो शांतपणे म्हणायचा, "आईनं पिऊ नको म्हनून सांगितलंय. समजून घिऊ नको असं कुटं सांगितलंय?"

तर समजून घ्यायला आम्ही शनिवारी संध्याकाळी निघायचो. माझी स्कूटर, मागे मिलिंद, त्याच्या काखेत कापडी बांधणीचं एक रजिस्टर. एका शनिवारी बारामतीत स्टँडजवळ, जिथं प्रत्येक टेबलाला पडदा आणि पडद्याआड लाल दिवा. एका शनिवारी इंदापूरला, जिथं चकल्यांबरोबर कांदा फुकट. एका शनिवारी भिगवणला, जिथं धरणातल्या तळलेल्या मासळीचा वास बाकी सगळ्या वासांना गिळून टाकायचा, म्हणून मिलिंद तिथं वैतागायचा आणि मी खूश असायचो. वाटेत उसाला पाणी सोडलेलं असायचं. ओल्या मातीचा गारवा पायांना लागायचा. मिलिंद मागून काहीतरी ओरडून सांगायचा, मला निम्मं ऐकू यायचं, आणि मी सगळ्याला व्हय व्हय म्हणायचो.

पद्धत ठरलेली होती. वेटर बिअर माझ्यापुढे ठेवायचा, लिंबूसरबत त्याच्यापुढे. मी पेला त्याच्याकडे सरकवायचो. तो चष्मा काढायचा, डोळे मिटायचा, पेल्यात नाक घालायचा आणि कितीतरी वेळ तसाच बसायचा. मग पेला परत माझ्याकडे. "पी. आनि सांग." बारामतीत एकदा शेजारच्या टेबलावरचा पागोटेवाला घाबरून उठलाच. "काय ओ, इख बिख हाय का काय ह्यात?"

मला सुरुवातीला सांगता कुठे यायचं? मी म्हणायचो, "कडू हाय." तो म्हणायचा, "कसलं कडू? कारल्याचं, का मेथीचं, का तापाच्या गोळीचं?" मग मी पुन्हा घोट घ्यायचा. पुन्हा सांगायचं. असं करत करत माझी जीभ बोलायला लागली. रजिस्टरात त्यानं कारखान्यातल्यासारखेच रकाने आखले होते: तारीख, ठिकाण, रंग, वास. त्यात त्याचं अक्षर आणि त्याचेच शब्द. शेवटचा रकाना चवीचा. त्यातही अक्षर त्याचंच, पण शब्द माझे, जसेच्या तसे. "भिजलेलं गोणपाट." "जळक्या भाकरीचा काठ." "पहिला घोट पाहुणा, दुसरा घोट भाऊबंद." मी म्हणायचो, अरे असलं काय लिहितोस? तो म्हणायचा, "मला ह्येच पायजे. हे वाचलं की मला चव येती."

डाळजचे तात्या आम्हाला लांबून बघून हसायचे. "आले का केमिस्टराव! एक पितोय, एक हुंगतोय. माजा धंदा व्हायचा कसा?" एकदा मिलिंदनं पेल्यातून नाक बाहेर काढलं आणि म्हणाला, "तात्या, ही बाटली उनात हुती." तात्या उखडले. म्हणाले, माझ्याकडं माल सावलीतच असतो. मिलिंद म्हणाला, बघा तर खरं. तात्यांनी कामावरच्या माणसाला दरडावून विचारलं, तेव्हा कळलं की खोकं दोन दिवस मागच्या ओट्यावर पश्चिमेच्या उन्हात पडलं होतं. तात्या कपाळाला हात लावून म्हणाले, "आरं ह्यो मानूस हाय का मांजार?" त्यानंतर नवा माल आला की पहिली बाटली ते मिलिंदला हुंगायला ठेवायचे. मिलिंदला त्याचा फार अभिमान होता. वर दाखवायचा नाही, पण डाळजला जायचं म्हटलं की शर्ट इस्त्रीचा असायचा.

पुढे शहाणपण सुचलं की आपणच करून बघू. परवान्याशिवाय असलं करणं हा गुन्हा, हे दोघांनाही माहीत होतं. पण त्या वयात गुन्हा म्हणजे काय, दाराला कडी घालायची एवढंच. हंगाम संपलेला, वेळ पडलेला. बारामतीहून सातू आणले. भिजवले, धोतरात बांधून मोड आणले, बाजेवर वाळवले, तव्यावर भाजले, खलबत्त्यात भरडले. कोमट पाण्यात तासभर राखून रस काढला. परदेशात कडूपणासाठी कसलीशी फुलं घालतात म्हणे. ती इथं कुठून आणणार? काष्ठौषधीच्या दुकानातून काडेचिराईत आणलं. खोलीत असा वास सुटला की माझी भूक आणि माझा ताप दोन्ही एकदम आठवले.

रस निघाला तो मात्र गढूळ, पुराच्या पाण्यासारखा. आता साखर कारखान्यातल्या माणसाला गढूळ रस दिसला की त्याचा हात आपोआप कुठे जाणार? चुन्याकडे. उसाचा रस आम्ही रोज चुन्यानंच निवळायचो. दोघांनी एकमेकांना विचारलंसुद्धा नाही. मी चुना कालवला, त्यानं काचेच्या कांडीनं ढवळला. तासाभरात गाळ तळाला आणि वर इतका नितळ रस की मिलिंदनं टाळी वाजवली. त्यात पाववाल्याकडचं खमीर सोडलं आणि बसलो वाट बघत. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. बुडबुडा म्हणून नाही.

नवव्या दिवशी मी घोट घेतला आणि मोरीकडे पळालो. मिलिंद पेन उघडून माझ्यामागे. "काय लागलं? सांग की!"

"चुना! पानवाल्यानं सूड उगवल्यावानी चुना!"

त्यानं आधी ते लिहून घेतलं, मग आम्ही दोघं फरशीवर बसून पोट धरून हसलो. हसता हसता तो म्हणाला, "आपली नोकरी काय? रस आंबू द्यायचा न्हाय. सहा महिनं तेवढंच करतोय. आनि घरी येऊन त्योच रस आंबावा म्हनून देवाला हात जोडून बसलोय."

"तू कुटल्या देवाला रे?"

"तुज्या. तुला जमंना म्हनून म्याच जोडले."

त्या दिवसापासून खोलीत चुना आणायचा नाही असं ठरलं. मला पान लागायचं, तेही मी कॉलनीच्या फाटकाबाहेर खाऊन यायचो.

मिलिंदच्या आईला मी मावशी म्हणायचो. त्या महिन्या-दीड महिन्यानं शेळगावहून यायच्या, फडक्यात भाकऱ्या, ठेचा आणि हंगाम असेल तर पेरू. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात अशाच अचानक आल्या. बाजेवर मोड आलेले सातू पसरलेले. त्यांनी मूठभर उचलले, बोटांनी चाळवले. "कुनासाठी सत्त्व करताय रं? आनि मोड लई लांबलेत की. दान्याएवढाच मोड पायजे. फुडं गेला की गोडी मोडानं खाल्लीच समज." आमचे चार-पाच घाणे त्याआधी पाणचट उतरले होते आणि का ते मिलिंदच्या जाड पुस्तकाला सांगता आलं नव्हतं. त्यानं लगेच रजिस्टर काढलं.

मग त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या पिंपाकडे गेलं. झाकण उचललं, वाकल्या, वास घेतला. तेव्हा मला कळलं, मिलिंदचं नाक कुणाकडून आलंय. त्यांनी त्याला काही विचारलं नाही. मला विचारलं.

"त्यो पितो का?"

"न्हाय मावशी. शप्पत. मी पितो. त्यो नुसता वास घेतो."

"मग चव कशी कळती त्याला?"

"मी सांगतो."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. राग नव्हता, माया पण नव्हती. वजन करतात तशी नजर. म्हणाल्या, "मंजी त्याची जीब तू हायेस. मग नीट सांगत जा बाबा त्याला. त्याला पडताळून बघता यायचं न्हाय."

त्या पिंपाजवळ त्या पुन्हा गेल्या नाहीत. पुढच्या खेपेला बांधावरच्या झाडाची ईडलिंबं मात्र पिशवीभर घेऊन आल्या, लोणचं घाला म्हणून. मिलिंदनं सालं वाळवली आणि डब्यात भरून ठेवली. मला आयुष्यात पदं मिळाली, हाताखाली माणसं मिळाली. पण कुणाची तरी जीभ होण्याएवढं मोठं काम मला परत कुणी दिलं नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यात पत्र आलं. बेंगळूरकडच्या एका बिअरच्या कंपनीनं मिलिंदला मुलाखतीला बोलावलं होतं. त्यानं अर्ज केल्याचं मला सांगितलंही नव्हतं. पत्र पिंपाखाली सरकवून ठेवत म्हणाला, "ह्यो घाना उतरला तर जातो, दोन बाटल्या संगं घेऊन. न्हाय उतरला तर समजायचं, न पिनाऱ्याचं ह्ये काम न्हाय. तू सांगशील तसं."

या घाण्यात सगळं होतं. दाण्याएवढा मोड, काडेचिराईत अगदी नखभर, आणि शेवटी ईडलिंबाची साल. आठ दिवस पिंप ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं होतं. कान लावला की आतून बारीक आवाज यायचा, रांजणात कुणी हळू बोलतंय असा. मिलिंद दिवसातून चारदा कान लावायचा आणि गुणगुणत हिंडायचा. मी वरवर आनंद दाखवत होतो. पण दुपारी भिंतीपलीकडून त्याचं गुणगुणणं ऐकू आलं की मला त्या खोलीचं कुलूप दिसायचं. शनिवार दिसायचा, रिकामी मागची सीट दिसायची. मला दुसरं कुणी नव्हतं. कारखान्यात चारशे माणसं होती, पण "पी आनि सांग" म्हणणारं कुणी नव्हतं. मी घाबरलो होतो. आता हे सांगायला काही वाटत नाही.

रविवारची सकाळ होती. खिडकीतून ऊन सरळ टेबलावर आलेलं. मिलिंदनं पिंपातून चाखायला भरून ठेवलेल्या बाटलीच्या बुचाची तार सोडवली. फस्स झालं, फेस वर आला आणि थांबला. रंग घासलेल्या तांब्याचा. त्यानं चष्मा काढला, नाक घातलं. इतका वेळ तो कधीच थांबला नव्हता. नाक बाहेर काढलं तेव्हा शेंड्याला फेस लागलेला होता, तो त्यानं पुसलाही नाही. "गड्या, वास तर बरोबर येतोय." आणि पेला माझ्याकडे सरकवला. "पी. आनि सांग."

मी प्यालो. तसं काही मी त्याआधी प्यालो नव्हतो, त्यानंतरही नाही. गिळताना डोळ्यांत पाणी आलं. आणि तोंड उघडलं तेव्हा त्यातून निघालं, "चुना."

"चुना?"

"चुना लागतोय. पयल्यावानी. कमी हाय, पन हाय."

"आरं पन आपन चुना घातलाच न्हाय."

"मग पान्यातनं आला आसंल. मला काय म्हायती!"

त्यानं पेल्याकडे बघितलं, पिंपाकडे बघितलं. माझ्याकडे एकदाही संशयानं बघितलं नाही. पेला त्याच्या हातात होता. ओठाला लावला असता तर तेवढ्यात खरं-खोटं झालं असतं. त्यानं लावला नाही, शब्द दिला होता. रजिस्टर उघडलं, चवीच्या रकान्यात लिहिलं, "चुना." मग पिंप मोरीत नेऊन उपडं केलं. माझी मदतही घेतली नाही. तीन दिवस दोन्ही खोल्यांना ईडलिंबाचा वास येत होता.

पत्राला त्यानं उत्तर पाठवलं नाही.

आणि मी? दीड वर्षानं मला विदर्भातल्या एका कारखान्यात वरची जागा मिळाली आणि मी निघून गेलो. माझी ट्रंक मिलिंदनंच दोरीनं बांधून दिली. स्कूटर मी त्याला दिली. एस.टी. सुटली तेव्हा तो स्कूटरच्या सीटवर एक पाय टाकून उभा होता, हात हलवत, मागची सीट रिकामी. ज्याची मला भीती होती ते त्याच्या वाट्याला घालून मी गेलो. पत्रं दोन वर्षं आली-गेली, मग दिवाळीची कार्डं, मग तीही बंद. पुढे दोन लग्नांत भेटलो. "बरा हायेस का?" "बरा हाय." मावशी गेल्या हे मला सहा महिन्यांनी कळलं. त्यांच्या बातमीनंतर कितीतरी दिवस मला माझ्याच जिभेचा तिटकारा आला होता. बायकोलाही मी हे कधी सांगितलं नाही.

तर डाळज. फळीवरचे सहा पेले. गव्हाची प्यालो, बरी होती. संत्र्याची म्हणजे गोळ्या विरघळवल्यासारखी. काळीला मान दिला पाहिजे. चौथा पेला नाकाशी नेला आणि हात थांबला. ईडलिंबाची साल.

"ह्यात काय घातलंयस रे?"

"ओळखलंत का काका!" पोरगा खूश झाला. "ईडलिंबाची साल. आमचे पानीवाले काका म्हनले, घालून बग."

"पाणीवाले?"

"इंदापूरला त्यांची लॅब हाय, माती-पानी तपासायची. आमच्या पान्याचं तेच बघतात. दर महिन्याला येतात, सगळ्या टाक्यांतलं नमुनं मागवतात, पन पीत न्हाईत हां. चष्मा काढून नुसता वास घेतात आनि बरोबर सांगतात कुटं चुकलंय ते. आजोबांच्या येळचे हायेत." तो समोर बसला. "त्यांची एक गंमत हाय. तरुनपनी म्हनं त्यांनी सोता बिअर केलती, लई भारी. ती पान्यातल्या चुन्यानं गेली. पन चुना आला कुटनं, ते काय गावंना. मग लागले की मागं. ही हीर तपास, ती बोअर तपास. त्या नादात नोकरी सोडून लॅबच काढली. अजून म्हनतात, ह्या पट्ट्यातलं सगळं पानी बघितलं पोरा, पन तसा चुना मला कुटंच घावला न्हाय."

तो हसला. मी फळीची कड घट्ट धरली. माझ्या तोंडातून निघालेला एक शब्द, आणि हा माणूस तीस वर्षं बाटल्या घेऊन विहिरी-विहिरींवर हिंडतोय. त्यानं मला खोटं ठरवलं नाही. त्यानं आधी सगळं पाणी तपासायला घेतलं.

"काका, बरं वाटत न्हाय का? पानी आनू?"

"नको," मी म्हटलं. "पाणी नको."

मिलिंदचा नंबर माझ्याकडे किती वर्षांपासून होता. बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि लावला. रस्त्यावरून ट्रक जात होते. तिसऱ्या घंटीला त्यानं उचलला.

"बोल गड्या! लग्नाला गेलतास का? मला न्हाय जमलं, गुडगा लई धरलाय."

"मिलिंद, चुना नव्हता."

"आं?"

"शेवटच्या घाण्यात. रविवारी सकाळी. चुना नव्हता. पाण्यात पण नव्हता. मी खोटं बोललो."

एक ट्रक गेला, दुसरा गेला. मग त्याचा आवाज आला, अगदी हळू. "का?"

"तू गेला असतास."

"मग तूच गेलास."

"व्हय," मी म्हटलं.

मला वाटलं, ठेवला त्यानं फोन, ठेवायलाच हवा. कानापासून काढून बघितला तर सेकंद पुढे सरकत होते. परत कानाला लावला. त्याचा श्वास ऐकू येत होता, चढ चढून आल्यासारखा. मी डोळे पुसत बसून राहिलो. तात्यांचा नातू काचेआडून बघत होता, तोंड फिरवून आत गेला.

मग मिलिंद म्हणाला, "मग काय लागत हुतं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"थांब," तो म्हणाला. "वही घेतो."

लोखंडी कपाटाचं दार वाजलं. काहीतरी खाली पडलं, तो स्वतःशीच पुटपुटला. चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज. पानं उलटल्याचा आवाज, जुन्या जाड कागदाची. मग पेन एकदा जोरात ओढल्याचा.

"खोडला चुना," तो म्हणाला. "हां. आता बोल."

मी डोळे मिटले. खिडकीतलं ऊन आलं, टेबल आलं, घासलेल्या तांब्याचा रंग आला. सगळं तिथंच होतं, जिभेवर, जसंच्या तसं. "पयल्यांदा भाकरीचा पापुद्रा," मी म्हटलं. "तव्यावरनं आत्ता काढलेला. त्येच्या मागनं ईडलिंबू, पन आंबट न्हाय, नखानं साल टोकरल्यावर हाताला येतो तेवडाच वास. मग कडू, काडेचिराईताचं, पन लगीच जातंय आनि गेल्यावर तोंड गोड..."

"हळू सांग," मिलिंद म्हणाला. "लिवतोय मी."